बेचाळीस डिग्रीचं विरजण

“ओता म्हणतोय ना मी, गयाबाई.”

“न्हाय ओतत.”

“हा हुकूम आहे माझा.”

“आसंल. पर विरजण माझं हाय.”

वैशाखातली दुपार. भूमच्या अलीकडची आमची दूध सोसायटी, तिचं मागचं अंगण. गटाराच्या तोंडाशी मी कॅन दोन्ही गुडघ्यांत धरून बसलेली आणि समोर आमचे केमिस्ट कदम साहेब उभे. कॅनमध्ये चार लिटर विरजण. ते ओतलं असतं तर दह्याचं काम पाऊस पडेपर्यंत बंद, आणि आम्ही नऊ बायका परत रोजगार हमीच्या खडीवर. शिवाय त्या कॅनमध्ये माझे दोन उन्हाळे होते, ते वेगळंच.

भांडण तासभर चाललं आणि माझ्या एका वाक्यानं मिटलं. ते वाक्य सांगते. पण त्या कॅनमध्ये काय होतं हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी चार लिटर आंबट दुधासाठी भांडली.

डेअरीत माझी एकवीस वर्षं गेली. दुधाचा कॅन कितीही घासा, तळाला रोज थोडं काहीतरी राहतंच. तसं या गोष्टींचं झालंय. एक खरवडायला गेलं की खालून दुसरी निघते. नातसून म्हणाली, “आजी, लिहून काढा.” काढते. शाळेत मी एक दिवसही गेलेली नाही. छप्पन साली आमच्या वडिलांनी दीक्षा घेतली, विहारात संध्याकाळचा वर्ग सुरू झाला, बायकांना मागं बसवायचे. मागून अक्षरं बारीक दिसतात म्हणून मी उठून पुढं जाऊन बसले. दोन महिन्यांत वर्ग बंद पडला. पुढचं सगळं ज्वारीच्या पोत्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून माझं मी शिकले. तेव्हा कुणाला शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तर त्यानं माझ्या तोंडावर काढाव्यात.

*

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, आणि सोसायटी निघाल्यावर तिथं बाटल्या धुवायला लागले. प्रयोगशाळा म्हणून एक खोली होती. दारावर पाटी, ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. कदम साहेब महाबळेश्वराकडून नवे आलेले. मी सरळ आत गेले.

“बाई, बाहेर पाटी आहे, दिसली नाही का?”

“दिसली की. वाचली, म्हणून तर परवानगी मागाया आत आले.”

त्यांनी माझ्याकडं वरून खाली पाहिलं. मग हातातला थर्मामीटर पुढं केला. “हे वाचता येईल?”

इंग्रजी आकडे मी ट्रकच्या नंबरांवरून शिकले होते. सडकेच्या कामावर दिवसभर दुसरं वाचायला होतंच काय? म्हटलं, “एकेचाळीस. आन तुमचा हात काचंवर हाय, त्यो काढा, मंग खरं सांगते.”

त्या दिवसापासून तापमानाची वही माझ्याकडं आली. बाटल्या धुणं सुटलं नाही, ते राहिलंच.

*

उन्हाळ्यात दूध टिकायचं नाही, टँकर वेळेवर यायचा नाही, म्हणून उरेल त्या दुधाचं दही लावायचं. आता तुम्ही म्हणाल, दही तर घरोघर लागतं, त्यात काय? घरच्या मडक्यात लागतं हो. घरचं विरजण दोनशे लिटरच्या टाकीत घातलं की एक दिवस गोड, एक दिवस आंबट, तिसऱ्या दिवशी बुडबुडे. म्हणून साहेबांचं विरजण बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेतून यायचं. काचेची नळी, थर्मासात बर्फ, बर्फात नळी. त्यातले जंतू निवडक, पण भारी नाजूक. तीस डिग्रीला झकास काम करायचे, अडतीसला आळस द्यायचे, चाळीसला मरायचे. आणि आमचं शेड पत्र्याचं. चैत्रापासून बेचाळीस.

थर्मास यस्टीनं यायचा, कंडक्टरच्या ताब्यात. एकदा चैत्री पुनवेला गाडी येरमाळ्याच्या जत्रेत अडकली. चार तास जागची हलली नाही. कंडक्टर भला माणूस. थर्मास मांडीवर घेऊन टोपीनं त्याला वारा घालत बसला होता. आमच्या फाट्यावर उतरवून म्हणाला, “घ्या साहेब. पेशंट हाय का गेला बघा.”

साहेबांनी झाकण काढलं. बर्फाचं कोमट पाणी झालेलं. नळी हुंगली आणि मान हलवली.

कंडक्टरचं तोंड उतरलं. “किती जीव व्हते आत?”

“एका थेंबात कोटी कोटी,” साहेब म्हणाले.

त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, “आन म्या हाफ तिकीट बी न्हाय फाडलं.”

*

जनाबाई आमच्यात थोरली. हात इतका चोख की तिनं धुतलेल्या कॅनमध्ये तोंड दिसावं. पण तिन्हीसांजेला घरातून दूध, दही, विरजण बाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, हे तिच्या हाडात मुरलेलं. डेअरीत कुणाची लक्ष्मी? सोसायटीची म्हणावी तर ती अशीही कधी आली नव्हती. पण जनाबाईचं म्हणणं, उंबरा तो उंबरा. आणि विरजण प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडून शेडमध्ये न्यायची वेळ नेमकी दिवे लागायची.

रोज ते काम मी नाहीतर आमच्यातलीच रुकय्याबी करायचो. एके दिवशी मी मुरुमला लग्नाला गेलेली आणि रुकय्याबीला ताप. साहेबांनी कॅन जनाबाईच्या हातात दिला आणि ते घरी गेले. जनाबाई दारापर्यंत आली, दिवस बुडालेला पाहिला, कॅन उंबऱ्याच्या आत भिंतीशी ठेवला आणि सकाळी नेऊ म्हणून निघून गेली. ती भिंत बॉयलरची. सकाळपर्यंत तापत राहिलेली.

मी आले तेव्हा कॅनमध्ये पाणी एकीकडं, चोथा एकीकडं. साहेब डोक्याला हात लावून बसलेले.

“जनाबाई, सगळं मेलं हो हे.”

जनाबाई शांत. “आसंल साहेब. पर लक्ष्मी आतच हाय.”

मला सांगितलं, ओतून टाका. मी ओतलं, पण त्याआधी एक चमचा काढून घेतला. का काढला ते आजही सांगता येत नाही. हालचाल थांबलेलं लेकरूही आई एकदा हलवून बघते, तसंच काहीतरी. उकळून निववलेल्या दुधात तो चमचा घातला आणि बरणी त्याच भिंतीशी ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी तिरकी केली, तर कडेकडेनं दूध हललं नाही. बोटभर रुंदीचं दही लागलं होतं.

कोटी कोटी गेले होते. त्या धगीतून मूठभर बाहेर आले होते आणि आल्या आल्या कामाला लागले होते. मी बरणी तशीच तिरकी धरून किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. रुकय्याबी म्हणाली, “क्या देखरी? भूत है क्या अंदर?”

भूत नव्हतं. मी बरणी तिच्या हातात दिली.

*

मग माझा उद्योग सुरू झाला. बॉयलरच्या मागं तीन घंगाळी मांडली, तिन्हींत पाणी, पाण्यात एकेक बरणी. खाली गोवऱ्यांची धग, वर ओलं पोतं. पहिल्या घंगाळ्याचं पाणी कालच्याएवढंच गरम, दुसऱ्याचं अर्धी डिग्री जास्त, तिसऱ्याचं एक. रोज तिन्ही बरण्या बघायच्या. दही घट्ट आहे का, वास गोड आहे का, पाणी सुटलंय का, बुडबुडे आलेत का. जी चांगली लागली तिच्यातला चमचा उद्याच्या तिन्ही बरण्यांना. वरच्यानं हाय खाल्ली तर गुपचूप खालच्याकडं परत यायचं. कधी आठ दिवसांत अर्धी डिग्री चढायची. कधी महिना जायचा आणि ढिम्म हलायचं नाही.

साहेब पहिल्यांदा हसले. “गयाबाई, जंतूंना शाळा नसते.”

“मला बी नव्हती,” मी म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चांगला थर्मामीटर आणून दिला, हेही लिहिलं पाहिजे. माणूस खरा होता.

रुकय्याबी बरणीवरचं पोतं ओलं करायची आणि बडबडायची. मी तिला सांगायची, आज अर्धी डिग्रीच, जास्त नको, त्यांना सोसवलं पाहिजे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मेरी सास मेरेकू इत्ता संभालती थी तो मैं भी कबका दही जमाती.”

*

एकदा मात्र माझा तोल गेला. एकेचाळीसपर्यंत आलो होतो. ऊन असं होतं की विहिरीत पोहरा सोडला की तळ खरवडल्याचा आवाज यायचा. शेडमधलं काम बंद पडायच्या बेतात. मी घाई केली. तिन्ही घंगाळी एकदम दोन डिग्रीनं चढवली. म्हटलं, एवढं सोसलंय, आणखी सोसतील.

तिन्ही बरण्या सकाळी पाण्यासारख्या. दुसऱ्या दिवशीही तशाच. अकरा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. मी बॉयलरमागं बसून राहिले, जेवलेही नाही. स्वतःचाच राग असा आला होता की कुणी बोललं असतं तर चावले असते.

रुकय्याबी आली, पदराखालून वाटी काढली. वाटीत दही. म्हणाली, तिचा नवरा आजारी होता, त्याला दुसरं काही पचायचं नाही, म्हणून ती महिनाभर बरणीतला चमचा घरी नेऊन रोज लावत होती.

मी ओरडले, “चोरत व्हतीस व्हय गं?”

“चुरायी नै,” ती म्हणाली. “पनाह दी.” तिनं असा आसरा दिलेल्या त्या दह्यातला चमचा मी परत बरणीत घातला.

*

आमचे चेअरमन, अण्णा, तसे मनानं मोकळे पण हिशेबी. एकदा पाहुण्यांना घेऊन आले. कदम साहेब समजावून सांगत होते, या एका चमच्यात गावोगावच्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत, न थकता काम करतात, सुट्टी मागत नाहीत, पगार मागत नाहीत.

अण्णांनी आम्हा बायकांकडं नजर फिरवली. “आसं हाय तर नऊ बायका कशाला लागत्यात ओ साहेब?”

पाहुणे हसले. मी घासत होते तो कॅन अण्णांच्या पायाशी नेऊन ठेवला.

“बरोबर हाय अण्णा. उद्यापास्नं कॅन बी त्येंच्याकडनंच घासून घ्या.”

अण्णांनी दही मात्र दोन वाट्या खाल्लं.

*

दुसऱ्या उन्हाळ्यात सोसायटीत सूक्ष्मदर्शक आला. साहेबांनी काचेवर थेंब पसरला, निळा रंग लावला, वाळवला, आणि म्हणाले, “गयाबाई, या. तुमची माणसं बघा.”

मी डोळा लावला. काळ्या काळ्या काड्या दिसल्या. म्हटलं, हेच का? साहेब म्हणाले, “त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा जरा मागं घ्या.”

मागं घेतला.

निळे मणी. दोन-दोन, चार-चार, कुठं सहा-सातांची माळ, कुठं माळेतून सुटलेला एकटा. सगळीकडं. जिथं बघावं तिथं. दोन उन्हाळे मी यांच्यासाठी गोवऱ्या थापल्या, यांच्यासाठी पोती भिजवली, यांच्यापायी जेवण टाकलं, आणि यांचं तोंड आज बघत होते. वाळूच्या कणात लाखभर मावतील एवढासा जीव. त्याला ना डोळे, ना हात, ना डोकं. आणि ज्या उन्हात आमच्या भागातली गुरं माना टाकत होती, त्या उन्हात तो उभा राहायला लागला होता.

मी बाहेर गेले, चपला काढल्या आणि परत येऊन पुन्हा बघितलं.

रुकय्याबीनं डोळा लावला. डोळा न काढताच म्हणाली, “तस्बी टूटी सो दिखरी, गया. सब मणके बिखरे.” तस्बी म्हणजे त्यांची जपमाळ.

मी साहेबांना विचारलं, “ह्ये ऊन सोसाया शिकत्यात का साहेब? का न सोसणारे मरत्यात, आन सोसणाऱ्यांचीच पिलावळ वाढती?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “गयाबाई, या प्रश्नावर मोठमोठी माणसं भांडलीत.”

“मंग तुमचं काय म्हणणं?”

“मला परीक्षेत आला होता. मी सोडून दिला.”

*

आता ते भांडण.

त्या वैशाखात आमचं विरजण बेचाळीस डिग्रीला पोचलं. बर्फ नाही, थर्मास नाही, यस्टीची वाट बघणं नाही. दुपारी टाकीत घातलं की चार वाजेपर्यंत दही सुरीनं कापावं असं घट्ट. बाजाराच्या दिवशी मडकी कमी पडायला लागली. नऊच्या नऊ बायकांना भर उन्हाळ्यात काम होतं, आणि असं आमच्या सोसायटीत कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या कचेरीचं पत्र आलं. आठ दिवसांत तपासणी. विरजण कुठून आणलं, कोणत्या जातीचं, कधी आणलं, सगळं दाखवायचं. साहेब दोन दिवस पुस्तकं काढून बसले. तिसऱ्या दिवशी बाहेर आले ते एकच धरून. हे विरजण ओतायचं.

अंगणात येऊन ते मला परत परत तेच सांगत होते. पुस्तकात या जंतूचं नाव आहे, नावापुढं लिहिलंय, चाळीसच्या वर काम करत नाही. आणि आपलं बेचाळीसला करतंय.

“मंग पुस्तकात बेचाळीस लिवा,” मी म्हटलं.

“गयाबाई, पुस्तक मी लिहीत नाही. याचा अर्थ एकच होतो. नळीतून आलेले जंतू केव्हाच मेले. हे दुसरेच कुणीतरी आहेत, बाहेरून शिरलेले. कोण, कुठले, माहीत नाही. उद्या कुणाच्या पोटात दुखलं तर?”

“दोन उन्हाळं आमची लेकरं खात्यात. दुखलं का?”

“दुखलं नाही म्हणजे दुखणार नाही असं नाही.”

“तुमी काचंखाली बघितलं. नळीतले बी मणी, ह्ये बी मणी.”

“मण्यांसारखे दिसणारे पन्नास प्रकार असतात. दिसण्यावरून नातं ठरत नाही.”

“दिसण्यावर म्या ठरवतच न्हाई. एकेक दिस वहीत लिवलाय. ह्येच्या आईपास्नं पणजीपर्यंत म्या सांगते. कुठं तुटलंय दाखवा.”

त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणजे वाचली होती आधीच. दोन्ही उन्हाळ्यांची, दिवसादिवसाची. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि म्हणूनच ते आणखी चिडत होते. भित्रा माणूस चिडतो तसा नव्हे. ज्याला आतून वाटतंय की समोरची खरं बोलतेय, पण तपासणीत ते सिद्ध कसं करायचं हे ज्याला ठाऊक नाही, असा माणूस चिडतो तसे.

“अहो, एक जीव एकदा जसा आहे तसाच असतो,” ते म्हणाले. “तीसवाला बेचाळीसवाला होत नाही. झाला असं वाटलं तर समजायचं, तो नव्हेच.”

तिकडं व्हरांड्याच्या सावलीत अण्णा उभे. जनाबाई लिंबाखाली. रुकय्याबी दाराच्या आडोशाला, डोक्यावरून पदर ओढून. बाकीच्या बायका शेडच्या भिंतीला चिकटलेल्या. पत्र्यावरून येणारी झळ डोळ्यांना दिसत होती. दगडावर ठेवलेला ओला फडका कडक वाळून गेला होता. अंगणाच्या मधोमध, उन्हात, आम्ही दोघंच.

साहेबांनी हात पुढं केला. “कॅन द्या इकडं. मी स्वतः ओततो.”

मी उठले. कॅन सोडला नाही. त्यांच्याकडं नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत, बरणी बघतात तसं. आणि म्हटलं,

“साहेब, तुमी महाबळेश्वराकडनं आलात त्या उन्हाळ्यात अकरा वाजले की डोक्यावर वला फडका घिऊन खोलीत दार लावून बसून ऱ्हायचा, आन आज बाराच्या उन्हात उघड्या डोक्यानं तासभर उभं ऱ्हाऊन माझ्याशी भांडताय, मंग त्ये कदम साहेब मेले आन ह्ये दुसरंच कुणी आत शिरलंय म्हणून तुमालाबी गटारात ओतू का?”